बांगडा भिंतीवर उतरवायचाय? आधी त्याचे खवले विसरा

भिंत रंगवायची म्हटली की आमच्याकडे लगेच सूर्यास्त, माड आणि होडी. नका काढू, समोर खरा समुद्र आहे. रोज हातात येणारी वस्तू घ्या, आंब्याची पेटी, कोकमची बाटली, बांगडा. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये किराणा दुकानात मिळणारे सूपचे डबे रंगवले, ३२ कॅनव्हास, प्रत्येक चवीचा एक, आणि डब्याला सजवत बसला नाही, डबा डब्यासारखाच ठेवला. ते लक्षात ठेवा.

दिवाळीनंतर भिंत आतून कोरडी झाली की शेवाळ नि सुटलेला चुना तारेच्या ब्रशने खरवडून एक्सटिरियर प्रायमर मारा. भिंत गिलाव्याचीच घ्या, उघड्या चिऱ्याच्या छिद्रांत रंग पसरतो.

आता स्टेन्सिल, म्हणजे आकार कापून काढलेला साचा. इथे मी दोन वर्षं अडकले होते म्हणून सविस्तर सांगते.

पहिला बांगडा मी एकेक खवला धरून काढला, राखाडीच्या पाच-सहा छटा, चंदेरी चमक वगैरे. हातभर अंतरावरून छान दिसायचा आणि रस्त्यापलीकडून नुसता मळकट डाग. येणारीजाणारी माणसं विचारायची काय आहे हे. खवले आणि चमक जवळून बघायच्या गोष्टी, लांबून फक्त आकार कळतो. म्हणून मोबाईलवर फोटो ब्लॅक अँड व्हाईट करा, कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा, मधल्या सगळ्या छटा उडू द्या. जे उरेल तेवढंच कागदावर घ्या: पाठीवरचे पट्टे, डोळा, शेपटीची दोन टोकं. एवढ्यात तो बांगडा होतो.

मग कापणं. जुनी एक्स-रे फिल्म घ्या, पुठ्ठा घेऊ नका, दमट हवेत मऊ पडतो. कापलेला भाग रंगणार आणि राहिलेल्या प्रत्येक तुकड्याला कुठेतरी आधार पाहिजे, नाहीतर डोळ्याचं गोल कापलंत की मधला पांढरा ठिपका गळून हातात येतो. त्याला दोन बाजूंनी अर्धा सेंटिमीटरचे पूल ठेवा. अक्षरांचं तर फारच, ‘व’, ‘ब’, ‘क’ यांची पोटं हमखास गळतात, लाकडी पेटीवर स्टेन्सिलने छापलेलं नाव कुठे मिळालं तर ते निरखून बघा, अक्षर कुठे तोडलंय ते कळेल. आणि कोणी सांगेल की पुलांच्या फटी नंतर ब्रशने भरून टाका, तर अजिबात ऐकू नका, त्या फटींमुळेच ते छापल्यासारखं, बाजारातलं वाटतं. पॅरिसमध्ये ब्लेक ल रा हा भिंतींवर चित्रं काढणारा कलाकार १९८१ पासून भिंतींवर उंदीर उमटवत आला तो स्टेन्सिलनेच.

स्प्रे कॅनही नको. खाडीवरचा वारा सुटला की अर्धा रंग शेजारच्याच्या गाडीवर. एक्सटिरियर इमल्शन पाणी न घालता स्पंजला लावा, तो आधी रद्दीवर थोपटून जवळजवळ कोरडा करा आणि मग भिंतीवर थोपटा, घासायचं नाही. ओला स्पंज म्हणजे फिल्मखाली ओघळ, आणि तो पुसायला गेलात की प्रायमरसकट सगळं खराब. सकाळी नऊच्या आत आटपा.

दुसरा रंग पहिला सुकल्यावर.

एकावर थांबू नका, मासेवाली मावशी पाटीत लावते तसे ओळीने पंधरा-वीस उमटवा, फिल्म तीच.

आणि कापायच्या आधी कागद मासळीबाजारात नेऊन दाखवा. माझे पट्टे पोटापर्यंत उतरले होते, मावशीने बघितल्या बघितल्या सांगितलं, “पट्टे पाठीर असतत गो, पोटार नाय.” फिल्म कापून झाली होती, ती टाकली आणि दुसरी घेतली. आता कटर हातात घ्यायच्या आधी तिच्याकडे जाऊन येते.