समुपदेशनाचा गुण येतोय का? या चुका टाळा

‘तीन सेशन झाली, फरक काहीच नाही’ आणि ‘दोन सेशनमध्येच मस्त वाटतंय, आता थांबू का?’ ही वाक्यं मी सतत ऐकते. घाई दोन्हीकडे सारखीच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे त्रास टाळला की तो संपला असं समजणं. ठाण्याहून दादरला नोकरीला जाणारे एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. फास्ट लोकलने घाटकोपर सोडलं की छातीत धडधड, हात गार, आता जीव जाणार असं वाटायचं. महिन्याभरात पेढे घेऊन आले. पॅनिक अटॅक बंद! मी विचारलं, ‘गाडी कुठली पकडता?’ ‘स्लो. दाराशीच उभा राहतो, कधीही उतरता येतं.’ म्हणजे जिथे अटॅक यायचा ती जागाच त्यांनी सोडली होती. अशी माघार वाढत जाते: आज फास्ट गाडी, उद्या बाजार, परवा लग्नकार्य. मग आम्ही हळूहळू सराव सुरू केला. आधी दुपारच्या रिकाम्या गाडीत, मग सकाळच्या गर्दीत. त्या दिवसांत त्यांचा जीएडी-७ या चिंता मोजणाऱ्या फॉर्मचा आकडा चढला आणि बायको घाबरली. मला मात्र प्रगती तिथेच दिसली. धडधड झाली, तरी ते थेट दादरलाच उतरले.

आकड्यांच्या मागे लागणं ही दुसरी चूक. पीएचक्यू-९ हा डिप्रेशन मोजणारा फॉर्म मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो. तो मोबाइलवर रोज भरण्यात अर्थ नाही. एकूण २७ गुणांत एक-दोन इकडेतिकडे होणारच. साधारण ५ गुणांचा फरक पडला तर दखल घ्यावी. मी पहिल्याच भेटीत वहीत तीन अडलेली कामं लिहून घेते. ‘आईचा फोन उचलत नाही’ इतकी साधी. फॉर्मच्या आधी मी ती वही उघडते.

रडू आलं म्हणून सेशन वाया गेलं असं नाही.

बरं वाटताच गोळ्या स्वतःहून बंद करू नका. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात, आणि त्या बंद करायच्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

बरीच सेशन होऊनही काहीच हलत नसेल, तर गुपचूप येणं बंद करू नका. समुपदेशकाला तोंडावर विचारा. पटलं नाही तर दुसरा शोधा, त्यात कुणाचा अपमान नाही.

आणि जीव द्यावासा वाटू लागला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.