कटिंगला मुळे फुटेपर्यंत : घरातल्या झाडांची रोपे करताना या चुका टाळा

इंदूरमधल्या राजेंद्र नगरातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, मॉन्स्टेराचे एक पान तब्बल आठ महिने उभे होते. महिना-दीड महिन्यात देठाच्या टोकाला पांढरी मुळे फुटली, पुढे ती बरणीच्या तळाशी वेटोळे घालून बसली, पान शेवटपर्यंत हिरवेगार राहिले, पण नवा कोंब म्हणून काही आला नाही. दर चौथ्या दिवशी पाणी बदलणे, देठ स्वच्छ ठेवणे, ऊन लागू न देणे, सारे नेमाने चालले होते. अखेर रामबागेतली आत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली असताना तिने ती बरणी उजेडाकडे धरली, देठ बोटाने चाचपला आणि विचारले, “अगं, याला डोळा कुठाय? नुसतं पान किती दिवस पाणी पीत बसणार?”

मुळे फुटणे आणि रोप होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले. त्यानंतर इंदूरच्या हवेत या छंदापायी ज्या चुका माझ्या हातून झाल्या आणि ज्या ओळखीच्या घरांतून पाहिल्या, त्या कारणांसह येथे मांडल्या आहेत.

डोळा नसलेले पान

उसाच्या कांडीकडे पाहिले की रचना चटकन लक्षात येते. दोन कांड्यांच्या जोडावर पेर असते आणि पेरावर डोळा असतो. मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा या वेलींचे खोडही असेच पेरापेरांचे असते. नवी फांदी डोळ्यातूनच येते. मनी प्लांटच्या पेराजवळ दिसणारा तपकिरी फुगवटा म्हणजे तर आधीच तयार होऊन बसलेले मूळ असते. म्हणून कटिंग, म्हणजे नव्या रोपासाठी कापायचा फांदीचा तुकडा, घेताना पेराच्या खाली अर्धा ते एक सेंटिमीटर अंतरावर छेद घ्यावा आणि प्रत्येक तुकड्यावर किमान एक शाबूत डोळा आहे याची खात्री करावी. पेराखाली बोटभर लांब कांडे सोडल्यास त्याला मुळे फुटत नाहीत, ते तसेच कुजते आणि कूज वर पेरापर्यंत चढते. मॉन्स्टेराच्या आणि रबर प्लांटच्या सुट्या पानाला मुळे येऊ शकतात, परंतु डोळ्याअभावी ते पान पानच राहते.

याला अपवाद आहेत आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, रेक्स बिगोनिया आणि आफ्रिकन व्हायोलेट यांची पाने स्वतःच नवा डोळा घडवू शकतात. मात्र पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचे पान कापून लावले, तर येणारी पिल्ले साधी हिरवी निघतात, कारण तो पिवळा काठ वेगळ्या जातीच्या पेशींच्या थरामुळे आलेला असतो आणि नवा कोंब त्या थरातून उगवत नाही. पिवळा काठ हवा असेल तर कुंडी उपडी करून गड्डाच फोडावा.

स्नेक प्लांटच्याच बाबतीत आणखी एक चूक वारंवार घडते. लांब पानाचे चार तुकडे केले की कोणते टोक खालचे हे ओळखू येत नाही आणि एखादा तुकडा उलटा खोचला जातो. वनस्पतीच्या अंगातील ऑक्सिन हे वाढीचे द्रव्य शेंड्याकडून बुडाकडे वाहते आणि बुडाच्या छेदापाशी साठून तेथे मुळे फुटवते. फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये ओटच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून हे द्रव्य पहिल्यांदा वेगळे करून दाखवले. तुकडा उलटा लावला तरी ऑक्सिनची दिशा बदलत नाही, त्यामुळे मातीतल्या टोकाला मुळे फुटत नाहीत. प्रत्येक तुकड्याच्या खालच्या टोकाला कात्रीने लहानशी खाच पाडून ठेवावी, म्हणजे हा घोळ होत नाही.

माळव्याचे पंचांग

मुळे नसलेल्या कटिंगची अडचण साधी आहे: पानांवाटे पाणी उडत राहते आणि ते भरून काढणारे खालून कोणी नसते. मुळे फुटेपर्यंतचे हे दोन-तीन आठवडे तिला तगवणे, एवढेच आपले काम असते. या झाडांचे मूळ देश दमट आणि उबदार. मनी प्लांट प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा, तर मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांतला. माळव्यातल्या आमच्या इंदुरात मात्र मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, हवा ठणठणीत कोरडी असते, आणि जानेवारीच्या रात्री तापमान अनेकदा १० अंशांच्या खाली उतरते. मुळे फुटायला साधारण २० ते २८ अंश तापमान मानवते. १५ अंशांच्या खाली काम जवळजवळ थांबते. डिसेंबरात मनी प्लांटची फांदी पाण्यात ठेवून “महिना झाला, काहीच होत नाही” अशी तक्रार करणाऱ्यांची फांदी बहुतेक वेळा ठणठणीत असते, ती फक्त थंडी सरण्याची वाट पाहत असते. तिला उपटून फेकू नये, आणि ऊब मिळावी म्हणून गच्चीवरच्या उन्हातही ठेवू नये.

माझ्या अनुभवात येथे दोन हंगाम चांगले. पहिला फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा, आखूड पण निरोगी. दुसरा पावसाने जम धरल्यापासून सप्टेंबर संपेपर्यंतचा, म्हणजे गणपती येऊन जाईपर्यंतचा. या दुसऱ्या हंगामात लोक उन्हाळ्यातली सवय सोडत नाहीत आणि कटिंगवर प्लास्टिकची पिशवी चढवतात. जुलैच्या हवेत ओल मुळातच भरपूर असते. त्यात पिशवी घातली की आठवड्यात पानांवर राखाडी बुरशी धरते. त्या दिवसांत पिशवीपेक्षा मोकळी, खेळती हवा अधिक उपयोगाची.

एप्रिल-मे मध्ये कटिंग लावण्याची वेळ आलीच, तर पिशवी हवीच, पण ती सावलीत. उन्हात ठेवलेली बंद पिशवी तासाभरात भट्टी होते आणि पाने अक्षरशः शिजतात. झाकणाखाली झाड जगवण्याची ही युक्ती जुनी आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास झाकण लावलेल्या बाटलीत नेचा आपोआप उगवलेला दिसला आणि त्यातून काचेच्या बंद पेट्या तयार झाल्या, ज्यांतून पुढे रोपे महिनोन्‌महिने समुद्रप्रवास करू लागली. आपल्याकडे त्याहून सोपी सोय घरातच असते. कूलर चालू असलेल्या खोलीतली हवा उन्हाळ्यात घरातली सर्वांत दमट हवा असते. कटिंग त्या खोलीत ठेवावी, मात्र कूलरच्या झोतासमोर ठेवू नये. झोतासमोरचे पान ओल्या हवेतही सुकते.

मोठी पाने असतील तर एक-दोनच ठेवून बाकीची काढावीत. रबर प्लांटचे पान सुरळी करून रबर बँडने बांधले तरी चालते. आदल्या संध्याकाळी मूळ झाडाला पाणी घालावे आणि कटिंग सकाळी घ्यावी. दुपारी कोमेजलेल्या झाडाची फांदी तोडली की ती तहानलेलीच बरणीत येते.

बरणीतले पाणी

पाण्यात ठेवलेली फांदी कुजते ती पाण्यामुळे नव्हे, गुदमरल्यामुळे. मुळे फुटण्याच्या जागी पेशींना प्राणवायू लागतो आणि पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात आणि ४० अंशांना साडेसहाच्या आत. म्हणजे ज्या दिवसांत जंतू सर्वांत जोमाने वाढतात, त्याच दिवसांत कटिंगला श्वासाची चणचण भासते. उन्हाळ्यात पाणी दोन-तीन दिवसांनी आणि एरवी चार-पाच दिवसांनी बदलावे, आणि बदलताना बरणीच्या आतला बुळबुळीत थर बोटाने घासून काढावा. नुसते पाणी ओतून वर नवे भरल्यास तो थर तसाच राहतो.

आपल्याकडे नर्मदेचे पाणी बऱ्याच वस्त्यांत दिवसाआड येते, त्यामुळे ते गच्चीवरच्या टाकीत साठवलेले असते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या टाकीच्या नळाखाली हात धरवत नाही, आणि तेच पाणी थेट बरणीत घालण्याची चूक मी दोनदा केली आहे. पाणी रात्रभर माठाशेजारी पातेल्यात ठेवावे. ते निवते आणि त्यातला क्लोरीनचा वासही कमी होतो. बोअरचे पाणी जड असते, बरणीवर पांढरी कड धरते. शक्य असेल तर ते टाळावे.

पाण्याची पातळी एक पेर बुडेल इतकीच असावी. बुडालेले प्रत्येक पान सडते. काचेची बरणी उजेडात हिरवी पडते, त्याला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळणे पुरते.

काळी माती, कोकोपीट आणि कुल्हड

माळव्याची काळी माती गव्हाला आणि सोयाबीनला सोन्यासारखी, परंतु कटिंगला ती घात करते. ओली झाली की फुगते, हवेची पोकळी बुजते. सुकली की भेगा पडतात आणि नुकतीच फुटलेली मुळे तुटतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाडसर रेती किंवा परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) निम्मे-निम्मे मिसळावे. रेती निवळ पाणी येईपर्यंत धुवावी. कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट भिजल्यावर आठ-नऊ लिटर होते; त्यातले क्षार काढण्यासाठी ती फडक्यातून दोनदा धुऊन पिळून घ्यावी. मिश्रण मुठीत आवळले असता एखादा थेंब टपकावा, धार लागू नये. खत आणि शेणखत या टप्प्यावर घालू नये. मुळे नाहीत तर जेवणार कोण, आणि ओल्या शेणखताने चिलटे मात्र खात्रीने येतात.

कुंडी मोठी घेण्याची हौस आवरावी. मोठ्या कुंडीत ओल दिवसेंदिवस हटत नाही. चहाचे कुल्हड, म्हणजे मातीचे पेले, मी या कामी वापरते: आकार नेमका असतो, बुडाला भोक पाडले की झाले, आणि बिनझिलईच्या भाजलेल्या मातीतून हवा खेळते. उन्हाळ्यात ते लवकर सुकते, तेवढे लक्ष ठेवावे लागते.

मुळे फुटायला मदत करणाऱ्या रूटिंग हार्मोनच्या पुडीविषयी थोडे. तिच्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक अॅसिड असते आणि कोवळ्या फांद्यांना ०.१ टक्के तीव्रता पुरते. जाड खोडासाठीची तीव्र पूड कोवळ्या देठाला लावल्यास तो जळतो. मनी प्लांटला आणि सिंगोनियमला तिची गरजच नाही, रबर प्लांटला आणि क्रोटनला मात्र फायदा होतो. मध आणि दालचिनी यांची शिफारस सर्वत्र ऐकू येते. मधाने मुळे फुटत नाहीत आणि दालचिनी बुरशी रोखते पण छेदही कोरडा पाडते. हळद बरणीत घालून पाणी गढूळ करण्यापेक्षा कात्री स्पिरिटने पुसलेली बरी.

बिघाड ओळखताना

बुड तपकिरी, मऊ आणि वास आंबूस असेल तर ती कूज आहे. वाट पाहू नये. आतला गाभा स्वच्छ पांढरा-हिरवा दिसेपर्यंत वर सरकत छेद घ्यावा, दर छेदाला पाते पुसावे, तीन-चार तास सावलीत सुकवून नव्या पाण्यात ठेवावे. रबर प्लांटचा चीक आधी कोमट पाण्यात धुऊन टाकावा, अन्यथा तो छेदावर गोठतो.

एखादे खालचे पान पिवळे पडले आणि खोड टणक असेल तर घाबरण्याचे कारण नाही; फांदी जुन्या पानातले अन्न काढून घेत असते. सगळीच पाने एकदम लोंबली तर हवा कोरडी आहे. आणि नवे पान उलगडले म्हणजे मुळे आली, असे धरून चालू नये. साठवणीच्या बळावर एक पान मुळांशिवायही उलगडते.

मातीतली कटिंग रोज उपटून पाहणे ही सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत महागडी चूक आहे. प्रत्येक उपटण्यात केसासारखी मुळे तुटतात. तीन आठवड्यांनी हलकेच ओढून पाहावे. किंचित अडकल्यासारखे वाटले की पुरे.

पाण्यातून मातीत नेण्याची वेळ मुळे ३ ते ५ सेंटिमीटर झाल्यावर येते. पाण्यातली मुळे ठिसूळ असतात, त्यांना मातीतली ओल शोषण्याची सवय नसते; बरणीत वीतभर वाढू दिली की बदल अधिकच जड जातो. पहिले दहा-पंधरा दिवस मिश्रण सतत ओलसर ठेवावे, झाड उन्हापासून दूर ठेवावे आणि पाने थोडी मलूल झाली तरी खत देऊ नये.

मनी प्लांट, मॉन्स्टेरा आणि डिफेनबॅकिया यांच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कापल्यावर हात धुवावेत आणि बरण्या लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्यात.

आत्याने नंतर दिलेल्या मॉन्स्टेराच्या फांदीला एक पेर, एक डोळा आणि एक बोटभर हवाई मूळ होते. ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात बरणीत ठेवली आणि एप्रिल लागता लागता कुल्हडात गेली. त्याच दिवशी लावलेल्या झेडझेडच्या पर्णिकेने वर काहीच दाखवले नव्हते. दिवाळीच्या साफसफाईत कुल्हड फुटले तेव्हा मातीत वाटाण्याएवढा गड्डा आणि त्यावर पांढरे टोक दिसले. ते दुसऱ्या कुल्हडात लावले आहे.