२४ तासांची लघवी: कॉर्टिसॉलच्या तपासणीत या चुका टाळा

कॉर्टिसॉल म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींतून येणारं संप्रेरक. त्याचा रिपोर्ट विचित्र आला की संशय आधी यंत्रावर जातो. पण बरेचदा घोटाळा घरी, दिवसभराची लघवी कॅनमध्ये जमवतानाच झालेला असतो. खानापूर-निपाणीकडच्या रुग्णाला त्यापायी पुन्हा कॅन घेऊन बेळगावची फेरी पडते, म्हणून हे नीट समजून घ्या.

सकाळी ७ वाजता उठलात तर ती पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची सगळी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ची धरून. दोन्ही सकाळच्या घेतल्या तर दोन रात्रींची लघवी जमते आणि आकडा फुगतो. संडासला गेल्यावर होणारी लघवी तर हमखास निसटते. आधी भांड्यात लघवी करा, मग जा. एखादी वेळ चुकलीच तर लपवू नका, सरळ नव्याने सुरू करा. कॅन थंड जागी, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवा.

सूचनांचा कागद बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. तो नुसता हातात देऊन भागत नाही. ‘आज्जी, उद्या उठल्याबरोबरची लघवी काय करणार तुम्ही?’ असं विचारून त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.

लॅबवाल्यांनी क्रिएटिनिन (स्नायूंतून रोज जवळपास सारख्याच प्रमाणात लघवीत येणारा टाकाऊ पदार्थ) बघितल्याशिवाय आकडा सोडू नये. ६० किलोच्या धडधाकट तरुणाच्या लघवीत दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम यायला हवं. ५०० आलं तर कॅन अर्धवट आहे असंच धरा. नमुना काढण्याआधी कॅन हलवा आणि एकूण माप लिहा. लिटरला २० मायक्रोग्रॅम कॉर्टिसॉल आणि लघवी १.८ लिटर, तर दिवसाचं ३६, मापात १.२ लिहिलं की तेच २४ होतं.

ॲड्रेनालिन किंवा मेटानेफ्रिन (ॲड्रेनालिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) या दुसऱ्या तपासण्यांच्या कॅनमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलेलं असतं. ते ओतून टाकू नका आणि थेट कॅनमध्ये लघवी करू नका, भाजेल. कॉर्टिसॉलसाठी हाच कॅन चालेल असं परस्पर ठरवू नका.

औषधांबद्दल मात्र खोदून विचारावं लागतं. खाजेचं मलम, दम्याचा पंप, गुडघ्यातलं इंजेक्शन यांना लोक औषध म्हणून मोजतच नाहीत, आणि यांतच बरेचदा स्टेरॉइड असतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड इम्युनोअसेला (अँटिबॉडी वापरून मोजायच्या नेहमीच्या पद्धतीला) कॉर्टिसॉलसारखंच दिसतं, म्हणून आकडा खोटा वाढतो. जोरदार मलमाने शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल दबतं. शंका असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासणी मागा, ती दोन्ही रेणू वेगळे ओळखते. पण चालू स्टेरॉइड डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. दिवसाला ५ लिटरच्या वर पाणी पिणाऱ्याचं कॉर्टिसॉलही जास्त येतं.

कुशिंगचा (शरीरात कॉर्टिसॉल जास्त होण्याच्या आजाराचा) संशय असेल तर डॉक्टर निदान दोन वेळा तपासणी करायला सांगतात. दोन्ही एकाच लॅबमध्ये करा आणि एकक बघा: ५० मायक्रोग्रॅम म्हणजेच १३८ नॅनोमोल.