‘कुमारी मरीयेपासून जन्मला’: हा पाठ मुलांना कसा शिकवावा

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चचा विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या तयारीच्या, वर्गात जाताना मी दोन वस्तू बरोबर नेते. एक बिस्किटांचा रिकामा डबा आणि एक जुन्या नऊवारीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं बाळंतं. बत्तीस वर्षं मी प्रसूतिकक्षात नर्स होते आणि त्यातली निम्मी वर्षं रविवारी हा वर्गही घेत आले. मुलं तेरा-चौदा वर्षांची असतात. विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची ठरलेली कबुली, त्यांना तोंडपाठ असतो. पण त्यातल्या येशूबद्दलच्या ‘कुमारी मरीयेपासून जन्मला’ इथे आलं की मुली मान खाली घालतात आणि मुलगे एकमेकांकडे बघतात. तुमच्यावरही हा पाठ घ्यायची वेळ आली असेल, म्हणून मी तो कसा घेते ते सांगते.

आधी डबा फिरवा. नाव न घालता प्रत्येकाने एक प्रश्न लिहून त्यात टाकायचा. चिठ्ठ्या तिथेच उघडू नका, घरी नेऊन शांतपणे वाचा. माझ्या डब्यात दरवर्षी तीन प्रश्न असतातच: ‘बाई, तुम्ही नर्स असून हे खरं मानता?’, ‘मग कुंती आणि कर्णासारखंच का?’ आणि ‘लोक तिला काय म्हणाले असतील?’

पुढच्या रविवारी सुरुवात ‘कु.’पासून करा. शाळेच्या दाखल्यावर मुलीच्या नावाआधी ‘कु.’ असतं आणि लग्नपत्रिकेत तीच ‘चि. सौ. कां.’ होते. त्यामुळे ‘कुमारी मरीया’ म्हणजे लग्न न झालेली मरीया, एवढाच अर्थ मुलांच्या मनात असतो. गंमत अशी की बायबलच्या जुन्या करारात यशयाच्या सातव्या अध्यायातही हाच पेच आहे. आहाज राजाला दिलेल्या चिन्हात, ‘कुमारी गर्भवती होईल’ या वचनात, मूळ हिब्रू शब्द ‘अल्मा’ आहे, म्हणजे तरुण मुलगी. ख्रिस्तापूर्वीच झालेल्या ग्रीक भाषांतरात तिथे ‘पार्थेनोस’ आलं, म्हणजे पुरुषाचा संबंध न आलेली मुलगी, आणि येशूचं चरित्र लिहिताना मत्तयाने ते ग्रीक वचन घेतलं. हे मुलांपासून लपवू नका. मोठेपणी दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर आपण फसवलं असं त्यांना वाटेल. आपला विश्वास त्या एका शब्दावर उभा नाही. दुसरा चरित्रकार लूक यशयाचं ते वचन घेतच नाही, तरी त्याची मरीया स्पष्ट म्हणते, ‘मला पुरुष ठाऊक नाही.’

मग मत्तय 1 आणि लूक 1 वेगवेगळे वाचून घ्या. नाताळच्या नाटकात आपण दोन्ही एकत्र कालवतो, वर्गात मात्र तसं करू नका. मत्तयाची गोष्ट मरीयेशी लग्न ठरलेल्या योसेफाच्या बाजूने आहे, लूकाची मरीयेच्या. मार्क आणि योहान ही जन्मकथा सांगत नाहीत. पौल ‘स्त्रीपासून जन्मलेला’ एवढंच लिहितो. हेही सांगून टाका.

तिसऱ्या चिठ्ठीला इथे उत्तर द्या, आणि घाई करू नका. मरीयेची ‘मागणी झालेली’ होती असं आपण वाचतो तेव्हा मुलांना साखरपुडा आठवतो. पण यहुदी रीतीने ते बंधन लग्नाइतकंच पक्कं होतं. मोडायचं तर सूटपत्रच, म्हणजे घटस्फोटाचं पत्रच, द्यावं लागे. अशा मुलीने दुसऱ्याशी संबंध ठेवला असं ठरलं, तर नियमशास्त्रात दगडमाराची शिक्षा होती. मी इथे एका मुलीबद्दल बोलते. नाव-गाव काही सांगत नाही. जेमतेम अठराची होती, आई तोंडावर पदर घेऊन शेजारी उभी. हॉस्पिटलात नाव नोंदवायच्या खिडकीवरच्या माणसाने मोठ्याने विचारलं, ‘नवऱ्याचं नाव?’ ती गप्प राहिली म्हणून आणखी मोठ्याने विचारलं. सगळी रांग वळून बघायला लागली. मी चार पावलांवर होते आणि पुढे व्हायला मला उशीर झाला. ते आजही सलतं. एवढं सांगितलं की योसेफाने मरीयेला ‘गुप्तपणे’ सोडायचा विचार केला, यातला ‘गुप्तपणे’ मुलांना नीट ऐकू येतो.

आता मरीयेचं ‘होवो’. तुला मुलगा होईल असं देवदूत सांगतो, तेव्हा ती आधी विचारते, ‘हे कसे होईल?’ देवदूत रागावत नाही, उत्तर देतो. ती ‘आपण सांगितल्याप्रमाणे मला होवो’ म्हणते, त्यानंतरच तो निघून जातो. मुलींना हे वाक्य दोनदा वाचायला लावा. तिच्याकडे निरोप आला, तिने प्रश्न विचारला आणि मग होकार दिला.

कुंतीच्या प्रश्नावर हसू नका आणि दुसऱ्यांच्या गोष्टीला नावंही ठेवू नका. फरक साधा आहे. कर्णाचा पिता सूर्य आहे आणि कर्ण त्या जन्मापासूनच आहे. आपल्या विश्वासात पवित्र आत्मा पतीच्या जागी येत नाही. लूकाचा शब्द आहे ‘छाया करील’. जुन्या करारात निर्गम 40 मध्ये दर्शनमंडपावर, म्हणजे देवाच्या भेटीच्या तंबूवर, मेघ उतरतो, तिथे ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद आहे. आणि पुत्र त्या गर्भात नव्याने घडला असंही आपण म्हणत नाही. तो आधीपासून होता, तो माणूस झाला. या पाठाचा गाभा हाच आहे. तारण माणसांनी ठरवून, वंश चालवून आणलेलं नाही, ते देवाने दिलं; आणि दिलं ते खऱ्या माणसाच्या देहात.

नर्सच्या प्रश्नाला माझं उत्तर असतं: हो, मानते. पालींच्या काही जातींत नराशिवाय पिल्लं होतात, असे दाखले कुणी देतं. ते घेऊ नका. तशा रीतीने स्त्रीला मूल झालंच असतं, तर मुलगा होण्यासाठी लागणारं वाय गुणसूत्र आलं कुठून? हे निसर्गात बसतं असा आपला दावाच नाही. देवाने केलं, एवढंच आपण म्हणतो.

मग बाळंतं बाहेर काढा आणि प्रत्येकाच्या हातात द्या. दुसऱ्या शतकात काही जण म्हणत, नळातून पाणी जावं तसा ख्रिस्त मरीयेतून नुसता निघून आला, तिचं काही न घेता. चर्चने हे नाकारलं. मी हजारो नाळा कापल्या आहेत. आईच्या रक्तावर नऊ महिने वाढलेलं मूल कसं असतं हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. विश्वासांगीकारात ‘कुमारी’ला जेवढं वजन आहे, तेवढंच ‘जन्मला’ला आहे. ‘बाळंत्याने गुंडाळून’ हे शब्द मी मुलं ते कापड हाताळत असतानाच वाचते.

दोन घोळ मात्र आधीच सोडवून ठेवा. पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चचा 8 डिसेंबरचा सण या जन्माचा नाही. तो मरीया स्वतः आईच्या पोटी पापाच्या डागाविना संभवली या कॅथलिक शिकवणीचा आहे. 1854 साली पोपने ती जाहीर केली. शिवाय मरीया पुढेही कुमारीच राहिली असं कॅथलिक मानतात, आपल्याकडे बहुतेक जण मानत नाहीत. शेजारच्या मुलांशी यावरून वाद नको.

आणि एक वाक्य वर्गात कधीही बोलू नका: ‘देवाने शुद्ध मुलगी निवडली.’ ऐकणाऱ्यांत कुणाच्या वाट्याला काय आलंय ते आपल्याला माहीत नसतं. लग्न किंवा देह मलिन, असं या कथेत कुठेही नाही.

गेल्या वर्षी डब्यात एक चिठ्ठी निघाली: ‘देवदूत गेल्यावर ती कोणाशी बोलली?’ मी काही समजावलं नाही, पुढचं वचन वाचलं. ती उठून घाईघाईने डोंगराळ प्रदेशात अलीशिबेकडे गेली. अलीशिबा वयाने मोठी, तीही पोटुशी होती. मरीया तिच्याजवळ सुमारे तीन महिने राहिली. चौथ्या रविवारचा पाठ मी तिथूनच सुरू करते.