अंगणवाडीतली सतरंजी: कुणीच कडेला राहू नये म्हणून

अंगणवाडीत भेदभाव सगळ्यात आधी दिसतो तो सतरंजीवर. मुलांना आपापलं बसू दिलं की शेजारपाजारची मुलं एकत्र बसतात, आणि वस्ती जातवार असेल तर सतरंजीही जातवार होते. म्हणून गोल करून बसवा आणि जागा रोज बदला. वीस मुलांसाठी दहा चित्रांची प्रत्येकी दोन कार्डं करा: बैल, आंबा, चिमणी. सारखं चित्र निघालेली दोघं शेजारी.

वाढायला रोज वेगळ्या टोकापासून सुरुवात करा. ताटं सगळ्यांना सारखी, अंगणवाडीतली. पाणी एकाच माठातलं. ताटं गोळा करायला मुलगे आणि मुली दोन्ही हवेत. एखाद्या पालकाने ‘आमच्या मुलाला वेगळं बसवा’ म्हटलं तर त्यांना आहाराच्या वेळी बोलवा, पंगत दाखवा, पण एका दिवसापुरतंही वेगळं बसवू नका. एकदा दिलेली सवलत परत घेता येत नाही.

भाषेचा प्रश्न याहून अवघड. मेळघाटात कोरकू बोलणारं तीन वर्षांचं मूल मराठीच्या गलक्यात गप्प होतं आणि रजिस्टरमध्ये ‘मंद’ ठरतं. सेविकेला कोरकू येत नसेल तर आई-आजीकडून पहिल्याच आठवड्यात वीसेक शब्द लिहून घ्यावेत: पाणी, भूक, शी-शू, दुखतंय, आई कधी येणार. नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक कोरकू वाक्यामागे लगेच मराठी वाक्य. मूल आपल्या भाषेतलं तेवढं ऐकतं, मराठी सोडून देतं. त्यापेक्षा आज एखाद्या आजीकडून अख्खी गोष्ट कोरकूत सांगून घ्या, उद्या त्याच चित्रांवर मराठीत सांगा.

कमी ऐकू येणाऱ्या मुलाला समोर बसवा, पण खिडकी तुमच्या पाठीशी नको; चेहरा अंधारात गेला की ओठ दिसत नाहीत. उंबऱ्याची पायरी सहा इंच असेल तर उतार सहा फूट लांब हवा, म्हणजे एकास बारा. दोन फुटांची तिरकी फळी टाकली तर चाकाची खुर्ची मागे कलंडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांची तपासणी करायला वर्षातून दोनदा येतं. मधल्या काळात काही जाणवलं तर तारखेसह लिहून ठेवा.

मूल आठवडाभर आलं नाही तर नावापुढे नुसती फुली मारू नका, घरी जा. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत १९४५ मध्ये काम सुरू करणाऱ्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी, मुलं बालवाडीत येईनात तेव्हा, बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. कुटुंब ऊसतोडीला निघणार असेल तर लसीकरणाचं कार्ड आणि वजनाची नोंद आईच्या हातात द्या, आणि परतल्यावर त्या मुलाला पुन्हा त्याच गोलात घ्या.