बाल्कनीतली गोकर्ण: लागवड, सुकवणी आणि स्वयंपाकातला वापर

गोकर्णीची सुकवलेली फुले हल्ली छोट्या पाकिटांतून बऱ्याच चढ्या भावाने विकली जातात. ठाणे आणि नवी मुंबईच्या हवेत मात्र ही वेल इतकी सहज येते की ज्यांच्या खिडकीत रोज पाच-सहा तास ऊन पडते, त्यांना ती विकत घेण्याचे काही कारण उरत नाही. घरच्या फुलांचा आग्रह धरण्यामागे पैशांहून मोठे कारण आहे. बाजारात पूजेसाठी येणारी फुले खाण्याच्या हेतूने वाढवलेली नसतात आणि त्यांवर काय फवारले आहे हे आपल्याला कळत नाही; म्हणून देवाला वाहण्यासाठी आणलेली गोकर्ण चहात किंवा भातात मुळीच घालू नये.

बियांचे कवच टणक असल्यामुळे त्या तशाच पेरल्या तर काही रुजतात आणि काही मातीत नुसत्याच पडून राहतात. प्रत्येक बी पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकेच घासावी, मात्र जिथून ती शेंगेला चिकटलेली असते तो डोळा सांभाळावा. वरचा गडद थर निघून आतला फिकट भाग दिसू लागला की थांबावे आणि बी रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवावी. सकाळपर्यंत जी टम्म फुगते ती पेरावी. न फुगलेली पुन्हा घासून भिजवावी. साधारण एक सेंटिमीटर खोल पेरलेली बी एक ते दोन आठवड्यांत उगवते. या वेलीच्या मुळांना हलवाहलव मानवत नाही, त्यामुळे रोपे करून नंतर कुंडी बदलण्यापेक्षा बारा इंची कुंडीतच तीन-चार बिया टोचून शेवटी दोन सशक्त रोपे ठेवणे चांगले. कोवळ्या रोपांवर कबुतरे हमखास चोच मारतात, म्हणून रोपे वीतभर होईपर्यंत त्यांवर जाळीचे झाकण असू द्यावे.

पेरणीला मे महिन्याचा मध्य सर्वांत सोयीचा आहे, कारण पाऊस सुरू होईपर्यंत रोपे तग धरण्याइतकी मोठी झालेली असतात. ती वेळ हुकली तर ऐन जुलैत घाई न करता ऑक्टोबरची वाट पाहावी. आपल्याकडे या वेलीचा खरा शत्रू उन्हाळा नसून कुंडीत साचलेले पाणी आहे. दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा असे मिश्रण घ्यावे. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, उन्हाळ्यात उपयोगी असले तरी पावसात ते दिवसेंदिवस ओले राहते आणि मुळे कुजतात, म्हणून ते बेताने वापरावे. नैर्ऋत्येकडे तोंड असलेल्या बाल्कनीत पावसाचे सपकारे थेट आत येतात. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये कुंडी भिंतीकडे सरकवावी. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर माती ओघळू नये म्हणून आपण कुंडीखाली ताटली ठेवतो, परंतु त्याच ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. पावसाळ्यात ताटल्या काढून ठेवाव्यात, आणि ते शक्य नसेल तर आठवड्यातून किमान एकदा रिकाम्या करून घासाव्यात.

वेल चढवण्यासाठी कबुतरांची जाळी आयती मिळते खरी, पण एकदा तिच्यात गुंतलेली वेल छाटणीच्या वेळी सोडवताना जाळीही फाटते. त्यापेक्षा ग्रिलला काथ्याच्या दोन-तीन दोऱ्या उभ्या बांधाव्यात. वेल दीड-दोन फूट झाली की शेंडा खुडावा. त्यामुळे बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुले वरच्या मजल्याच्या ग्रिलवर न जाता आपल्या हाताशी येतात. गोकर्ण वाटाण्याच्या कुळातली असून तिच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतले नत्र तिला पुरवतात. म्हणूनच युरिया किंवा नत्रयुक्त खत दिले तर नुसता पाला माजतो आणि फुले रोडावतात. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि अधूनमधून चिमूटभर लाकडाची राख एवढे तिला पुरते. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे, आणि त्यानंतरचे काही दिवस फुले खाण्यासाठी वापरू नयेत.

पेरल्यापासून साधारण सहा ते आठ आठवड्यांत पहिली फुले येतात. ढगाळ महिन्यांत ती कमी असतात; पाऊस ओसरून ऊन तापू लागले की बहर येतो. फूल एका दिवसाचेच असते, त्यामुळे ते सकाळी पूर्ण उमलल्यावर खुडावे. प्रत्येक फूल हातात घेऊन आत मुंग्या किंवा बारीक किडे नाहीत ना हे पाहावे. त्यानंतर देठाकडचा हिरवा पेला एका हाताच्या चिमटीत धरून दुसऱ्या हाताने पाकळ्या अलगद ओढल्या की त्या सुटून येतात. एवढे कष्ट अवश्य घ्यावेत, कारण चहाला येणारा कच्च्या शेंगेसारखा वास बहुतांशी या हिरव्या भागाचाच असतो.

सुकवणीसाठी पाकळ्या सुती कापडावर एकेरी पसराव्यात आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवाव्यात. कडक उन्हात रंग उडतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्या काही दिवसांत कुरकुरीत होतात. बोटांत चुरली असता जी मोडते तीच पाकळी बरणीत भरावी. वाकणारी पाकळी आत गेली तर सगळ्या बरणीला बुरशी लागू शकते. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत पंख्याखालीही पाकळ्या नीट वाळत नाहीत. त्या दिवसांत सुकवण्याचा हट्ट सोडून कपभर उकळत्या पाण्यात पंधरा-वीस ताजी फुले दहा मिनिटे झाकून ठेवावीत, गाळलेला गडद अर्क बर्फाच्या साच्यात गोठवावा आणि लागेल तसा एकेक खडा काढावा.

चहासाठी एका कपाला पाच-सहा फुले पुरतात. चव अगदी सौम्य असल्याने त्यात गवती चहाची पात किंवा आल्याचा तुकडा घातल्यास पेय अधिक चांगले लागते. निळा रंग टर्नाटिन नावाच्या, अँथोसायनिन या वनस्पतींतील रंगद्रव्यांच्या वर्गात मोडणाऱ्या द्रव्यांमुळे येतो आणि तो आम्लतेनुसार बदलतो. लिंबू पिळताच पाणी जांभळे-गुलाबी होते, ताकामुळेही जांभळी झाक येते, तर खायच्या सोड्याने ते हिरवट होते. म्हणून निळा ढोकळा करू पाहणाऱ्यांच्या पदरी सहसा निराशा येते. गुळाने रंग मळकट होतो, त्यामुळे सरबताला साखरच घ्यावी आणि लिंबू पाहुण्यांसमोर, शेवटी पिळावे. माझ्या मते या फुलाचा सर्वांत देखणा उपयोग उकडीच्या मोदकांत आहे. उकडीसाठी लागणाऱ्या पाण्यातच बारा-पंधरा फुले उकळून गाळून घ्यावीत, पाणी पुन्हा मोजून कमी पडलेले भरून काढावे, मग नेहमीप्रमाणे मीठ, तूप आणि तांदळाची पिठी घालावी. पांढऱ्या पिठीत रंग फिका पडतो, म्हणून पाणी आवश्यक वाटते त्याहून गडद असावे. मलेशियातील नासी केराबू या भातालाही याच फुलाच्या पाण्याने निळा रंग देतात. आपल्या आंबेमोहोरावर तो तितकाच खुलतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये या फुलाच्या अर्काला ठरावीक पदार्थांसाठी खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. मात्र ती मान्यता रंगापुरती आहे, औषधी दाव्यांना नाही. गरोदर स्त्रियांनी, तसेच मधुमेहाची किंवा रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चहा नियमित घेऊ नये. बिया आणि मुळे रेचक असल्याने ती कोणत्याही रूपात खाऊ नयेत आणि शेंगा लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. तशाही शेंगा धरू लागल्या की फुले कमी होतात, त्यामुळे बियाण्यासाठी चार-पाच शेंगा ठेवून बाकीच्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात. ठेवलेल्या शेंगा वेलीवरच तपकिरी होऊ द्याव्यात आणि तडकून बिया उडण्याआधी काढून कागदी पाकिटात, त्यावर महिना लिहून, कोरड्या जागी ठेवाव्यात.