पॅकेज टूर घेताना: इंदूरच्या घरातून करायची तयारी

दिवाळीनंतर कुठे जायचं ते आमच्या रामबागेतल्या भिशीत गणपतीतच ठरायला लागतं आणि रंगीत पत्रकं हातोहात फिरू लागतात. बरीच वर्षं आम्ही तीन-चार घरं मिळून सहली करतो, म्हणून नवीन जाणारे माझ्याकडे विचारायला येतात. मी त्यांना आधी एवढंच शोधायला सांगते: ही सहल सुरू कुठून होते? पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेली किंमत बहुतेक वेळा मुंबई ते मुंबई किंवा दिल्ली ते दिल्ली असते, काश्मीरची तर कित्येकदा श्रीनगर ते श्रीनगर. आपल्या दाराला कुलूप लावल्यापासून त्या ठिकाणी पोचेपर्यंतचा खर्च, वेळ आणि काळजी सगळी आपली. तेव्हा तयारीसाठी एक वही करा आणि तिचं पहिलं पान या दोन टोकांसाठी ठेवा: घर ते सहल आणि सहल ते घर.

हे मी सोसून शिकले आहे. एकदा सकाळी मुंबईला उतरून दुपारचं विमान गाठायचं ठरवलं होतं. गाडी वाटेत अडकली, विमान गेलं आणि कंपनीने अटींमधली ओळ दाखवली की वेळेवर हजर राहणं ही प्रवाशाची जबाबदारी. ओळ खरीच होती, आम्ही ती वाचली नव्हती. सासूबाईंना घेऊन विमानतळावर नवी तिकिटं काढताना जे वाटलं ते अजून विसरले नाही. तेव्हापासून आम्ही सहलीच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचतो. अवंतिका एक्सप्रेसने जात असाल आणि पुढे विमान असेल, तर मुंबई सेंट्रलपर्यंत न जाता बोरिवलीला उतरा, विमानतळ तिथून जवळ पडतो. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं आणि सहलीचे पैसे त्याच्या कितीतरी आधी भरलेले असतात. तो साठावा दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा, कारण दिवाळीच्या गर्दीत तो चुकला की वेटिंग लिस्टच हातात येते.

मग प्रकार ठरवा. आपल्या मराठी घरांना सगळ्यांत ओळखीची ग्रुप टूर: तारखा ठरलेल्या, टूर मॅनेजर सोबत, बस आपली, जेवणात वरण-भात मिळण्याची शक्यता बरीच. एकट्या बाईला किंवा पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांना मी हाच प्रकार सुचवते, कारण सामान हरवलं, पाय मुरगळला तरी धावून येणारं माणूस तिथे असतं. त्याबदल्यात पहाटे पाचचा वेकअप कॉल सोसावा लागतो. पुरेशी माणसं जमली नाहीत तर सहल रद्द होते की दुसऱ्या तारखेला ढकलतात, आणि मॅनेजर निघतानापासून सोबत असतो की तिथेच भेटतो, हे आधी विचारा. एकट्याने जाणाऱ्याला खोली वाटून घ्यायला जोडीदार मिळाला नाही तर वेगळे पैसे पडतात. तो आकडा पत्रकात बारीक अक्षरात असतो.

कस्टमाइज्ड टूर म्हणजे आपलंच कुटुंब, आपलीच गाडी. लहान मूल असेल, गुडघे दुखत असतील, तर थोडे जास्त पैसे गेले तरी हे बरं. गाडी दिवसभर आपल्याकडे आहे की फक्त ठरलेली ठिकाणं दाखवून जाणार, ड्रायव्हरचा मुक्काम आणि टोल कोणाकडे, डोंगरात एसी चालू ठेवतात का, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. फोनवर ‘हो हो, होऊन जाईल’ ऐकून समाधान मानू नका. लँड पॅकेजमध्ये तिथलं हॉटेल आणि फिरणं असतं, तिकिटं आपण काढायची. दर स्वस्त दिसतो, पण आपलं विमान एक दिवस उशिरा पोचलं तर पहिल्या रात्रीची खोली गेली.

रेल्वेची भारत गौरव पर्यटक गाडी हा आणखी एक प्रकार. आयआरसीटीसीच्या अशा गाड्या इंदूरहूनही सुटल्या आहेत, आणि आपल्या गावातून निघणं हा त्यांचा मोठाच फायदा. स्लीपरपासून एसीपर्यंत वेगवेगळे दर्जे असतात आणि दर्जाप्रमाणे हॉटेलची खोलीही बदलते. नुसत्या डब्याकडे पाहून दर्जा निवडू नका, रात्री कुठे झोपायचं तेही पाहा. क्रूझवर खोली आणि साधं जेवण किमतीत असतं. पेयं, वायफाय, बंदरावर उतरून फिरणं, टिप हे बहुधा वेगळं, तेव्हा तेवढी रक्कम वेगळी काढून ठेवा.

सगळं एका किमतीत देण्याची ही कल्पना जुनी आहे. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुकने इंग्लंडमध्ये लेस्टरहून लाफबरोला सुमारे ५०० माणसं खास आगगाडीने माणशी एका शिलिंगात नेली. मे १९५० मध्ये व्लादिमिर राइट्झने लंडनहून कॉर्सिका बेटावर विमानाचं भाडं, तंबूतला मुक्काम आणि जेवण मिळून एकच दर लावला. एक दर ऐकला की मनाला बरं वाटतं, आणि म्हणूनच त्या एका दरात काय आहे नि काय नाही ते ओळीने लिहून काढायला हवं.

त्यातही जेवण. पत्रकावर ईपी लिहिलं असेल तर फक्त खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासह, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं. हिमाचलच्या एका सहलीत आमच्या वहिनींनी सीपी पाहून ‘जेवण आहे’ असं धरलं आणि पाच जणांचं रोजचं रात्रीचं जेवण खिशातून गेलं. जैन जेवण, उपवासाचं, मधुमेहींचं जे काही लागणार असेल ते बुकिंग करतानाच लिहून द्या. हॉटेलच्या नावापुढे ‘किंवा तत्सम’ असतं, तिथे हॉटेल गावात आहे की दहा किलोमीटर बाहेर, एवढं नक्की विचारा. संध्याकाळी पायी बाजारात जाता येणं ही आम्हा इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजाराची सवय असलेल्या माणसांसाठी लहान गोष्ट नाही.

दिवसांचा कार्यक्रम कॅलेंडर शेजारी ठेवून वाचा. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. ‘बाहेरून दर्शन’ आणि ‘प्रवेशासह’ यांत फार फरक आहे. तीर्थयात्रेच्या पॅकेजमध्ये तर आपण इंदूरकरांनी थोडा हक्क सांगावा असं मला मनापासून वाटतं. काशीचं आजचं विश्वनाथ मंदिर आपल्या अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली बांधलं, गयेचं विष्णुपद मंदिरही त्यांचंच. सोमनाथला तर सगळे मोठं मंदिर पाहून बसमध्ये बसतात आणि जवळच असलेलं अहिल्याबाईंनी बांधलेलं जुनं मंदिर राहूनच जातं. टूर मॅनेजरला आदल्या रात्रीच सांगा, अर्धा तास मागून घ्या. आम्ही मागितला तेव्हा सगळी बस आमच्याबरोबर उतरली होती.

उंचीवरच्या सहलींना घाई चालत नाही. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीचे नसतील तर ते पॅकेज घेऊ नका, कितीही स्वस्त असो. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे आणि गौरीकुंडापासूनची चढण मोठी आहे. चारधामची नोंदणी सक्तीची आहे, ती कंपनी करते की आपण, हे विचारून क्रमांक स्वतःकडे ठेवा. निघण्याआधी महिनाभर रोज चाला आणि डॉक्टरांना भेटून या. रक्तदाबाच्या गोळ्या लागतील त्याच्या दुप्पट सोबत न्या, अर्ध्या हातातल्या पिशवीत, अर्ध्या बॅगेत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत.

कागदपत्रांत आपल्या बायकांचा घोळ नावाचा. पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, तिकिटावर तिसरंच. तिकीट काढायला नाव देताना पासपोर्टचा फोटोच पाठवा, तोंडी सांगू नका. बऱ्याच देशांना पासपोर्टची सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी तिथून निघाल्यावर निदान तीन महिने मुदत, दोन कोरी पानं आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः व्हिसा केंद्रावर जावं लागतं. ते ठसे ५९ महिने चालतात, म्हणजे आधीचे असतील तर कंपनीला तसं सांगा. केंद्र कोणत्या शहरात आहे ते विचारा, कारण त्या फेरीचा खर्च पॅकेजमध्ये नसतो. विमा सहलीच्या कंपनीने काढून दिला असला तरी पॉलिसीचा कागद मागून घ्या, आणि जुने आजार लपवू नका. मधुमेह सांगितला नसेल तर नेमक्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो.

पैशाचं पान सगळ्यांत शांत डोक्याने भरा. किमतीत पाच टक्के जीएसटी धरला आहे की वरून, ते विचारा. परदेशी पॅकेजवर कंपनी टीसीएसही, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ गोळा केला जाणारा आयकर, घेते. तो खर्च नाही, ती रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना करातून वळती होते किंवा परत मिळते. म्हणून पॅनचा क्रमांक बरोबर द्या आणि प्रमाणपत्र मागा. पैसे कंपनीच्या खात्यातच भरा, कुणाच्या वैयक्तिक खात्यावर नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनमधली थॉमस कुक बंद पडली तेव्हा (भारतातली त्या नावाची कंपनी वेगळी आहे) सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. तिथल्या संरक्षण योजनेमुळे सरकारने त्यांना परत आणलं. आपल्याकडे तसा निधी नाही, पर्यटन मंत्रालयाची मान्यताही ऐच्छिक आहे. आपल्या हाती राहतात त्या पावत्या आणि ग्राहक कायदा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे कंपनी मुंबईची असली तरी प्रकरण इंदूरच्या जिल्हा आयोगापुढे नेता येतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५. हे माहीत असलेल्या माणसाशी काउंटरवरचं बोलणंसुद्धा बदलतं, असा माझा अनुभव आहे. रद्द केल्यास किती दिवस आधी किती पैसे कापतात त्याचा तक्ता मात्र पैसे भरण्यापूर्वीच वाचायचा.

बॅगेचं मी फार सांगत नाही, प्रत्येकीची पद्धत वेगळी. एक लाल फीत बॅगेच्या हँडलला बांधा, आणि बसमध्ये दिवसभर लागतं ते छोट्या पिशवीत ठेवा. सियागंजातून सुकामेवा, सोबत लवंग शेव आणि मेतकूट. परदेशी जाताना सगळं बंद पाकिटात, नि त्या देशात काय चालत नाही ते पाहून.

शेवटच्या पानावर परतीचं लिहा, ते सगळे विसरतात. विमान रात्री उशिरा मुंबईत उतरणार असेल तर तिथला मुक्काम आणि दुसऱ्या संध्याकाळची इंदूरची गाडी, दोन्ही जाण्याआधीच ठरलेलं हवं. शेजारच्या काकूंकडे किल्ली, गॅसचा नॉब बंद, तुळशीला पाणी कोण घालणार ते ठरलेलं. आणि दूधवाल्याला येतानाची तारीख सांगून ठेवा, म्हणजे दार उघडल्यावर पहिला चहा आपल्या घरचा होईल.